टेकडीवर त्यांच्या नावाचं बाकडं बसवू द्यावं का?

(पत्राचा गोषवारा. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई निवृत्त शिक्षिका आहेत. घराजवळच्या टेकडीवर त्या आणि त्यांचे यजमान वर्षानुवर्षं रोज सकाळी जात. यजमान गेल्या वर्षी वारले. टेकडीवर दिसलेल्या पक्ष्यांच्या त्यांनी लिहिलेल्या वह्या घरात आहेत. टेकडीवर नेमानं येणाऱ्यांचं एक मंडळ आहे, आणि मंडळाच्या पाठपुराव्यामुळे आता 'टेकडी सुशोभीकरणा'साठी निधी मंजूर झाला आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या, कडेनं दिवे, माथ्यावर पेव्हर ब्लॉकचं पटांगण, तिथे छत्री, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि बाकडी असं काम आहे. एका बाकड्यावर ताईंच्या यजमानांचं नाव घालायचं मंडळानं एकमतानं ठरवलं आहे. ताईंना हे कामच नको आहे. "फाल्गुनात गुलाबी फुलांनी बहरणारा तो उतार जसा आहे तसा राहू दे, एवढंच माझं म्हणणं," असं त्या लिहितात. मुलगा म्हणतो, सरळ कोर्टात जाऊ. मंडळातली गुडघेदुखीनं त्रासलेली एक मैत्रीण म्हणते, "तुमचे पाय धड आहेत म्हणून तुम्हाला निसर्ग सुचतो." ताई विचारतात: "बाकड्याला हो म्हटलं तर बाकीच्या कामाला कोणत्या तोंडानं विरोध करू? आणि सगळ्यालाच नाही म्हटलं, तर ज्यांनी यांना खांदा दिला त्यांनाच दुखावू?"

ताई, नमस्कार.

बाकड्याचं शेवटी बघू. तुमच्या मनावर ओझं त्याचंच आहे हे कळतं, पण बाकीचा गुंता सुटल्याशिवाय त्याचं उत्तर हाती लागणार नाही. आधी तुमच्या मैत्रिणीचं बोलणं घेऊ. पत्रात तुम्ही ते वाक्य लिहिलंत आणि त्याला काहीच उत्तर न देता पुढच्या परिच्छेदाकडे वळलात, म्हणजे ते लागलंय.

लागायलाच हवं होतं, कारण त्यात तथ्य आहे. टेकडी सगळ्यांची म्हणायची आणि ती फक्त धडधाकट माणसांनाच चढता यायची, हे काही खरं नाही. पावसाळ्यात सुट्या मुरमावरून उतरताना भल्याभल्यांचे पाय सटकतात. साठी-सत्तरीतल्या बाईला तिथे एखादा कठडा हवासा वाटला, तर ती निसर्गाच्या विरोधात गेली असं होत नाही. तुमच्या पत्रात नकळत दोन पक्ष पडलेत, एक निसर्गाचा आणि एक सोयीचा, आणि मैत्रीण त्या पलीकडच्या पक्षात जाऊन बसली आहे. मला वाटतं, ती तुमच्याच बाजूची आहे, फक्त तिला कुणी नीट विचारलेलं नाही.

तिला विचारा, "तुला चढताना जास्त दुखतं की उतरताना?" बहुतेक ती म्हणेल, उतरताना. आणि उतरताना सर्वांत वाईट काय, तर पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्याला उंच पायरीपेक्षा नागमोडी, बेताच्या चढाची वाट पुष्कळ बरी पडते. अंतर वाढतं, पण प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळसोट सिमेंटच्या पायऱ्या घातल्या तर पहिल्या आठवड्यात ती हौसेनं चढेल आणि दुसऱ्या आठवड्यात घरी बसेल. थोडक्यात, तिच्या नावानं जे काम मंजूर झालंय ते तिच्या उपयोगाचंच नाही. निसरड्या दोन-तीन टप्प्यांवर धरायला नळीचा कठडा, दम खायला मध्ये एखादी सपाट जागा आणि पायथ्याभोवती फिरणारी एक सपाट वाट, एवढ्यानं तिचं काम भागेल. आणि यातलं काहीही टेकडीला डाचणारं नाही.

आता तुमच्या वाक्याकडे येऊ. जसा आहे तसा राहू दे, असं तुम्ही म्हणता. फाल्गुनात गुलाबी फुलांनी बहरणारा तो उतार म्हणजे, तुमच्या वर्णनावरून, गिरिपुष्पाची लागवड असणार. ग्लिरिसिडिया. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून आपल्याकडे ते ठिकठिकाणी लावलं गेलं. पुण्याच्या टेकड्यांवर तर त्याची रानंच्या रानं आहेत. भराभर वाढतं, पण त्याच्या दाटीखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. त्याआधी या टेकड्यांवर गुरं चरायची, काहींच्या कुशीत दगडाच्या खाणी होत्या. म्हणजे तुम्हाला जी टेकडी जशीच्या तशी ठेवायची आहे, ती माणसानं बराच हात लावून झाल्यानंतरची टेकडी आहे. तुमच्या प्रेमाला उणेपणा आणायचा नाही मला. पण काय वाचवायचं हे नीट ठरवलं नाही तर मंडळातला कुणीतरी हुशार माणूस हाच मुद्दा तुमच्यावर उलटवेल: "ही झाडंसुद्धा माणसांनीच लावली ना? मग आम्ही छत्री बांधली तर काय बिघडलं?"

बिघडतं, आणि ते सर्वांत जास्त बिघडतं जिथे आराखड्यात पटांगण आखलंय तिथे. माथा रिकामा दिसतो, म्हणून तिथे काहीतरी करावंसं वाटतं. उन्हाळ्यात तिथे पिवळं पडलेलं कुसळी गवत आणि काळा खडक, बाकी काही नाही. अभियंत्याच्या नकाशावर ती मोकळी जागा असते. पण टिटवी घरटं बांधत नाही. खड्यांमध्ये जरासा खळगा करून त्यातच अंडी घालते, आणि ती अंडी इतकी मातीच्या रंगाची असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. रातवा तर तेवढाही खळगा करत नाही, नुसत्या जमिनीवर अंडी घालतो. चंडोलाचं घरटंही गवताच्या बुडाशी, जमिनीवरच असतं. पहिल्या पावसानंतर त्याच खडकावरच्या बोटभर मातीत पांढरी मुसळी फुलते, पुढे तेरडा येतो, पाऊस सरता सरता सोनकी. गिरिपुष्पाच्या सावलीत यातलं काही होत नाही. तेव्हा विरोधाचा भर द्यायचा असेल तर तो या ओसाड दिसणाऱ्या माथ्यासाठी द्या. गुलाबी उतारावर दोन गोष्टी कमीजास्त झाल्या तरी टेकडी ते सोसेल.

मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच: वस्तूवरून भांडू नका, जागेवरून भांडा. बाकडं हवं की नको, दिवा हवा की नको, या वादाला अंत नाही आणि त्यात तुम्ही हराल, कारण बाकडं नको म्हणणारा माणूस नेहमीच तुसडा दिसतो. तेच बाकडं पायथ्याला चालेल, माथ्यावर नको, असं म्हणणारा माणूस समंजस दिसतो. आणि तो बरोबरही असतो.

माथेरानचं बघा. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे आणि २००३ पासून तो डोंगर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. रस्ते लाल मातीचे; पावसात माती वाहून जाते, उन्हाळ्यात धूळ. पेव्हर ब्लॉक घालायचं निघालं आणि वादाला तोंड फुटलं. घोडेवाले म्हणाले, ब्लॉकवरून घोडा घसरतो. काहींना तो डोंगराच्या स्वभावावरच घाला वाटला. दुसरी बाजू म्हणाली, रस्ता धड नसेल तर ई-रिक्षा चालायची कशी आणि माणसानं माणसाला ओढायचं थांबायचं कधी? दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. आणि ब्लॉकबद्दल सांगितलं ते असं, की दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर घालावेत, आतल्या रस्त्यांवर आणि भटकंतीच्या वाटांवर घालू नयेत. हा निकाल सगळ्यांना पटला असेल असं नाही. पण इतक्या वर्षांच्या भांडणाचं उत्तर शेवटी 'ब्लॉक हवेत की नकोत' यात सापडलं नाही, 'कुठपर्यंत' यात सापडलं. तुमच्या टेकडीला ही अक्कल फुकटात मिळतेय, ती घ्या.

उलट बाजूचंही एक सांगायला हवं, म्हणजे तुमच्या मुलाला. निसर्गासाठी म्हणून बसवलेली वस्तू आपोआप निरुपद्रवी होत नाही. कासच्या पठारावर फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून जाळीचं कुंपण घातलं होतं. हेतू चांगलाच होता, गर्दी तशीच होती. पण कुंपणामुळे गुरांची चराईही थांबली, गवत माजलं आणि त्याचा त्रास बुटक्या फुलझाडांना होतो असं म्हणणं पुढे आलं. शेवटी ते कुंपण काढून टाकलं. टेकड्यांवर हेच छोट्या प्रमाणात चाललेलं असतं. गवताळ माथ्यावर खड्डे खणून वडा-पिंपळाची रोपं लावणं, जागोजागी झाडांच्या नावांच्या पत्र्याच्या पाट्या ठोकणं, पक्ष्यांसाठी म्हणून धान्याचे ढीग घालून कबुतरं गोळा करणं. (या कबुतरांवर एक वेगळं सदर होईल.) तुम्ही स्वतः यातलं काही करत असाल तर बैठकीआधी थांबवा, समोरच्याच्या हातात कोलीत देऊ नका.

आता कामं एकेक करून पाहू. सगळ्यांवर सारखा वेळ घालवायची गरज नाही.

सेल्फी पॉइंट आणि ओपन जिम पायथ्याशी. त्यावर वाद नको. व्यायामाची यंत्रं माथ्यावर नेऊन काय साधतं ते मला आजवर कळलेलं नाही. टेकडी चढून आलेल्या माणसाचा व्यायाम झालेला असतो.

दिव्यांवर मात्र ठाम राहा. लोक म्हणतील, बायकांच्या सुरक्षिततेसाठी हवेत. हा मुद्दा उडवून लावू नका, कारण पायथ्याशी, गाड्या लावतात तिथे, रिक्षा थांबते तिथे दिवे खरंच हवेत. पण माथ्यापर्यंतची वाट रात्री उजळली की अंधार पडल्यावरही तिथे वर्दळ सुरू होते, आणि ती वर्दळ कुणाची असते हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळी बाटल्या तुम्हीच उचलता. सुरक्षितता येते ती फाटकाच्या ठरलेल्या वेळेनं आणि एका पगारी रखवालदारानं. शिवाय पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे ओढले जातात आणि तिथेच घिरट्या घालून मरतात. काजवे तर आपल्या जोडीदाराला शोधतात तेच उजेडाच्या खुणेनं. आजूबाजूला लख्ख दिवा असला तर ती खूण पोचतच नाही. पायथ्याच्या दिव्यांसाठीही एवढं मागा: पिवळसर प्रकाश, कमरेएवढी उंची, वरून झाकण म्हणजे उजेड फक्त जमिनीवर पडेल, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर बंद. दिव्याच्या वायरीसाठी वाटेच्या कडेनं चर खणतात आणि त्यात झाडांची मुळं तुटतात, हेही विचारून ठेवा.

पायऱ्यांचं थोडं सविस्तर. सिमेंटच्या सरळ पायऱ्या पावसात पन्हळीसारखं काम करतात. पाणी जिरायला जागा नाही, वाकायला वळण नाही. ते पायऱ्यांच्या दोन्ही कडांनी जोरात धावतं आणि मुरूम कापत जातं. दोन-तीन पावसाळ्यांत कडेला घळ पडते, मग घळीत पडू नये म्हणून गटार, गटारासाठी भिंत. त्यापेक्षा वाट आहे तीच ठेवून जिथे चढ उभा आहे तेवढ्याच टप्प्यात टेकडीच्याच दगडाच्या ठेंगण्या पायऱ्या रचायच्या, सिमेंट न घालता. मधूनमधून वाटेवर तिरपे दगड पुरायचे म्हणजे पाणी दर काही पावलांवर बाजूला वळतं आणि गवतात जिरतं. आपल्या घाटवाटा आणि गडांच्या वाटा अशाच टिकल्या. एखादा दगड निखळला तर दोन माणसं तासाभरात बसवतात. सिमेंटची पायरी तडकली की पुढच्या निधीची वाट बघायची.

ज्या गोष्टीवर कुणाचं लक्ष जात नाही ती आता सांगते. तुमच्या अंदाजपत्रकात बाकड्यांची किंमत असेल, पायऱ्यांची असेल. माल वर न्यायचा कसा, ते बहुधा नसेल. बाकडं म्हणजे नुसतं बाकडं नसतं. दोन खड्डे, त्यात काँक्रीट, त्यासाठी वाळू, खडी, सिमेंटच्या गोण्या आणि पाण्याचा टँकर. डोक्यावरून वाहायला ठेकेदाराला परवडत नाही, म्हणून जेसीबी लावून ट्रॅक्टरपुरती वाट काढली जाते. काम संपतं, उरलेली खडी तिथेच राहते, कालवलेल्या मालाचा टणक गोळा गवतात पडून राहतो, आणि ती वाट कायमची होते. पुढच्या महिन्यापासून त्याच वाटेनं मोटारसायकली वर येतात. माथ्यावरचं बाकडं टेकडीचं जेवढं नुकसान करतं त्याच्या कितीतरी पट ते वर नेणारी वाट करते. बैठकीत हा एकच प्रश्न विचारा: "माल कोणत्या वाटेनं चढणार?" उत्तर नसेल तर आराखडा अर्धवट आहे.

दुसरा प्रश्न देखभालीचा. पहिली काही वर्षं ठेकेदारावर दोष दायित्व असतं, म्हणजे कामात खोट निघाली तर ती दुरुस्त करायची जबाबदारी त्याची; त्यानंतर कुणाची? कार्यादेशात, म्हणजे ठेकेदाराला दिलेल्या वर्क ऑर्डरमध्ये, हा कालावधी लिहिलेला असतो, तो वाचा. गंजलेली यंत्रं आणि फुटलेले दिवे काढून न्यायला कुठलाच निधी मिळत नाही, हे ज्या गावात बाग आहे त्या गावात प्रत्येकानं पाहिलंय. म्हणून जी वस्तू दहा वर्षांनी खूण न ठेवता उचलून नेता येईल तीच वर न्यायची, असा नियम मंडळानं स्वतःसाठी केला तर बरीच यादी आपोआप गळेल.

आता कागदपत्रं. इथे तुमच्या मुलाच्या उत्साहाला काम आहे.

टेकडीची जमीन कुणाची, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. सुरुवात तिथून करा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे ते बघा. जमीन वनखात्याची असेल तर वनेतर कामाला १९८० च्या वन कायद्याखाली परवानगी लागते. नगरपालिकेचा निधी मंजूर झाला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. टेकडीवर विकास आराखड्यातलं आरक्षण असेल तर त्याच्या अटी वेगळ्या. पुण्यात महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, सुमारे ९७८ हेक्टरचं, शासनानं २०१५ मध्ये कायम केलं. त्याआधी तिथे चार टक्के बांधकाम चालेल का, यावरच कितीतरी वर्षं रणकंदन झालं. म्हणजे एवढ्याशा टक्क्याला काय अर्थ असतो ते समजा.

माहिती अधिकाराचा अर्ज करून अंदाजपत्रक, नकाशा, जागामालकाची परवानगी आणि कार्यादेश या चार गोष्टी मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. झाडं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. राज्याचा झाडांविषयीचा कायदा १९७५ पासून आहे. झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडवणार असतील तर सांगा, की २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं दिल्लीतल्या यंत्रणांना बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आणि जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. कागदावर ती असतेच. तुमच्या टेकडीची त्यात काय नोंद आहे ते विचारा. नसेल, तर तुमच्या घरातल्या वह्या काढा.

त्या वह्या आठवणीची वस्तू म्हणून कपाटात आहेत, हे समजू शकते. पण टिटवीची अंडी माथ्यावर कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसली, रातवा कुठल्या बाजूला ऐकू आला, हे तारखेनिशी लिहिलेलं असेल तर त्या माथ्याबद्दलचा तुमच्याकडचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. मूळ वह्या देऊ नका. छायाप्रती करा, जागा नकाशावर दाखवा आणि पोच घेऊन समितीकडे द्या. काम थांबो न थांबो, नोंद राहील.

कोर्टाचं म्हणाल तर आत्ता नको. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि दार उघडं आहे, पण तिथे गेलात की मंडळातले तुमचे लोक प्रतिवादीच्या बाकावर जाऊन बसतील आणि परतीची वाट अवघड होईल. फक्त एक ध्यानात ठेवा: तिथे दाद मागायला वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. तेव्हा कार्यादेशाची तारीख मुलाला लिहून ठेवू दे. परवानगी नसताना जेसीबी चढला तर मात्र वाट बघू नका.

हे सगळं वाचणाऱ्या दुसऱ्या गावांतल्या मंडळींसाठी एक जोड. तुमच्याकडे टेकडी नसेल, देवराई असेल, तळं असेल. कडेला सोय आणि आत मोकळीक हा हिशोब तिथेही लागतो. देवरायांत तर जुन्या लोकांनी तो घालूनच दिला होता. कित्येक ठिकाणी देव उघड्यावर, वर छप्पर म्हणून फक्त झाडं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मध्यभागी सभामंडप आणि फरशी आली की राईतली मोठी झाडं पहिल्यांदा जातात. मंडप हवाच असेल तर राईबाहेर बांधा. देवाची हरकत असल्याचं ऐकिवात नाही.

आणि आता बाकडं.

ताई, पत्रात तुम्ही एकदा लिहिता, "हे असते तर यांनी हे होऊ दिलं नसतं." मला ते माहीत नाही, आणि जरा कठोर वाटेल, पण तुम्हालाही नक्की माहीत नाही. कदाचित त्यांनी मित्रांच्या आग्रहाखातर हो म्हटलं असतं. त्यांच्या वतीनं भांडू नका. स्वतःच्या वतीनं भांडा, तुमचा त्या टेकडीवर तेवढाच हक्क आहे. मित्रांकडेही एकदा वेगळ्या नजरेनं बघा. रोज बरोबर चालणारा माणूस अचानक दिसेनासा झाला, त्याचं काय करायचं हे त्यांनाही कळलेलं नाही. पुरुषमंडळींना रडता येत नाही, म्हणून ते बाकडं बसवतात. त्याला सरसकट नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या दुःखाला नाही म्हणणं होईल, आणि तुम्हाला तसं करायचं नाहीये.

तेव्हा माझं मत असं: बाकडं घ्या, पण पायथ्याशी, वाट जिथे सुरू होते तिथे. ज्यांना वर जाता येत नाही, जे सोबतच्या माणसाची वाट बघत थांबतात, त्यांना तिथे बसायला खरंच काही नाही, असं तुमच्याच पत्रात आहे. नाव घालायचं तर बारीक अक्षरात. सौजन्य, संकल्पना आणि प्रेरणा यांच्या ओळी नकोत. याने तुमचं तोंड बंद होत नाही, उलट उघडतं. माथ्यावर नको म्हणताना तुमच्याच यजमानांचं बाकडं तुम्ही खाली आणलंय, याहून स्वच्छ भूमिका कुणाची असेल?

वर त्यांच्या नावानं काही करायचंच असेल तर मंडळाला जाळरेषेचं काम सुचवा. पाऊस संपून गवत वाळलं की वणवा लागण्याआधी माथ्याभोवती आणि वाटेच्या कडेनं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, दर वर्षी. दिवसभराचं श्रमदान आणि दोन मजुरांची मजुरी, एवढाच खर्च. उद्घाटनाला कुणी येणार नाही, फीत कापायला काही नाही. पण उन्हाळ्यात टेकडी जळायची थांबेल आणि ते बारा-पंधरा जण वर्षातून एक दिवस त्यांची आठवण काढत हातानं काम करतील. काही जणांना बाकड्यापेक्षा हे जास्त पटेल, बघा.

बैठक सभागृहात घेऊ नका, टेकडीवरच घ्या, सकाळी. पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला बोलवा आणि नकाशा हातात घेऊन पायथ्यापासून चालत निघा; कठडा कुठे हवा, बाकडं कुठे, दगडी पायऱ्या कोणत्या टप्प्यात, तिथे चुन्याच्या फक्कीनं खूण करा. पहिलं बोलणं तुमचं नको, गुडघेदुखीच्या मैत्रिणीचं असू दे. ती जिथवर चढू शकते तिथवर सगळ्यांनी तिच्या चालीनं चढायचं. तिथून वरचा माथा तुम्ही दाखवा. आणि मुलाला बरोबर घेऊन जा, पण फोटो काढायला, बोलायला नको.